लहान गटात लपायला जागा नसते

पुणे

प्रिय नलू,


लडाखचं ठरवलंस, पैसे भरून मोकळी झालीस, आणि आता विचारतेस, "ताई, बॅगेत काय काय घेऊ?" बॅगेचं बघू सावकाश. लोकरीचे मोजे लेहच्या बाजारात ढिगानं मिळतात. बारा जणांचा गट आहे आणि बहुतेक सगळे साठीपुढचे, असं तू लिहिलंयस. मला सांगायचंय ते या बारा जणांबद्दल.

चाळीस जणांच्या बसमध्ये माणूस आरामात दडून राहू शकतो. गुडघा ठणकला की देवळाबाहेरच्या कट्ट्यावर बसायचं, जेवण नकोसं वाटलं की ताटात चिवडत राहायचं, कुणाचं लक्ष नसतं. टूर मॅनेजर डोकी मोजतो, आकडा जुळला की गाडी सुटते. बारा जणांत हे चालत नाही. तू सकाळी थालीपिठाचा तुकडा मोडला नाहीस हे उरलेल्या अकरा जणांना कळतं, आणि तुझ्यामुळे गाडी वीस मिनिटं थांबली हेही कळतं. म्हणून आपलं दुखणंखुपणं निघण्याआधीच उघड करून ठेवायचं. आपल्या वयाच्या बायकांना नेमकं तेच जड जातं. "मला काही होत नाही हो," हे म्हणत म्हणत आपण सगळी हयात काढली.

लडाखमध्ये या वाक्याला फार किंमत मोजावी लागते. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तू कोल्हापूरहून, म्हणजे साडेपाचशे मीटरवरून, दिल्लीला येणार आणि तिथून सकाळच्या विमानानं तास-सव्वा तासात एकदम तिथे उतरणार. समुद्रसपाटीला मिळतो त्याच्या दोन तृतीयांश प्राणवायू तिथे आपल्या वाट्याला येतो. विमानतळाबाहेर पडताच निळं आभाळ बघून माणसाला हुशारी वाटते, आणि घात तिथेच होतो. पहिले दोन दिवस खोली, गच्ची, जेवणघर, एवढंच. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्याच दुपारी "लेह पॅलेस व शांती स्तूप" लिहिलेलं असेल, तर फोन करून स्पष्ट सांग की मी येणार नाही. त्याहून बरं म्हणजे त्यांनाच तो कार्यक्रम हलवायला लाव. बारा जणांतले निदान आठ जण मनातून तुझे आभार मानतील.

विरळ हवेचा त्रास कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. रोज पोहणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला होतो आणि शेजारच्या सत्तरीच्या आजी खुशाल चहा पीत बसलेल्या असतात. केवळ वय झालं म्हणून तो जास्त होतो असं नाही, आणि तब्येत कमावलेली आहे म्हणून टळतो असंही नाही. मात्र हृदयाचं, फुप्फुसाचं जुनं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुझ्या डॉक्टरांकडे "प्रवासाला जातेय, फिट असल्याचं सर्टिफिकेट द्या" एवढंच सांगून जाऊ नकोस. कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार, तो कागद घेऊन जा. तुझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते विचार. विरळ हवेच्या त्रासावरच्या डायमॉक्सबद्दल विचार. ही गोळी बहुधा वर जायच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. ती घेतली की बोटांना मुंग्या येतात आणि बाथरूमला वारंवार जावं लागतं. हे माहीत नसलं की माणूस उगाच घाबरतो.

मी लडाखला गेले तेव्हा आमच्या गटात एक निवृत्त इंजिनिअर होते. स्वभावानं उमदे, सगळ्यांच्या बॅगा उचलायला पुढे. पँगाँग सरोवराकडे निघालो त्या सकाळपासून त्यांचं डोकं दुखत होतं. विचारलं तर म्हणाले, "चहा बरोबर झाला नाही आज." बायकोला खरं ठाऊक होतं, पण नवऱ्याचं उघडं कसं पाडायचं म्हणून तीही गप्प. पँगाँग साधारण सवाचार हजार मीटरवर आहे आणि आमचा मुक्काम तिथेच तंबूत होता. रात्री उलट्या सुरू झाल्या. या आजाराचा खरा इलाज एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला यायचं तर मध्ये चांग ला ही खिंड आडवी येते, सतरा हजार फुटांच्या वर. उतरण्यासाठी आधी हजारभर मीटर चढायचं! ती रात्र ऑक्सिजनच्या सिलिंडरवर निघाली. पहाटे सिलिंडर गाडीत घेऊन त्यांना खिंडीपलीकडे नेलं, लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात दाखवलं, दोन दिवसांत ते बरे झाले. आमचा हेमिसच्या मठाचा दिवस गेला. कुणाला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग आजारपणाचा नव्हता. सकाळी सांगितलं असतं तर ते लेहलाच थांबले असते, सोबतीला कुणीतरी राहिलं असतं आणि बाकीचे जाऊन आले असते.

म्हणून माझं मत विचारशील तर पँगाँगला झोपू नये. पहाटे निघून रात्री परत यावं. दिवस फार लांबतो, पाठीचा भुगा होतो, पण झोपायला लेह बरं. नुब्रा खोऱ्यात मात्र खुशाल राहा. डिस्किट, हुंडर ही गावं लेहपेक्षाही थोडी खाली आहेत. वाटेत खारदुंग ला ही खिंड लागेल. तिथल्या पाटीवर पूर्वी १८,३८० फूट असं लिहिलेलं असायचं. हल्लीच्या मोजणीत ती खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर भरते. सगळे त्या पाटीशी फोटो काढायला रांग लावतात. तूही काढ, पण पळत जाऊ नकोस, आणि पंधरा-वीस मिनिटांत गाडीत येऊन बस.

टूरवाल्यांना काय विचारायचं ते इथेच सांगते, आणि उत्तरं लेखी घे, व्हॉट्सॲपवर आली तरी चालतील. कुणी आजारी पडलं तर त्याच्याजवळ कोण थांबणार आणि बाकीच्यांना कोण नेणार? गाडीत सिलिंडर आहे का आणि तो वापरता येणारा माणूस कोण? गाडीत एका दिवशी जास्तीत जास्त किती तास बसायचं? लोकांची संख्या कमी पडली तर सहल रद्द करतात का आणि पैशांचं काय? "काळजी करू नका मॅडम, सगळं होऊन जाईल," असं उत्तर आलं तर तोच प्रश्न पुन्हा विचार. विम्याचं पत्रक बारीक अक्षरांसकट वाच. आधीपासूनच्या दुखण्यांबद्दल आणि डोंगराळ भागातून खाली आणण्याच्या खर्चाबद्दल त्यात काय म्हटलंय ते बघ. बँकेत इतकी वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचलेस, आता स्वतःचे वाच.

रंकाळ्याला रोज फेरी मारतेस हे छान आहे, पण ते सपाटीवरचं चालणं. लडाखमधले गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बहुतेक टेकडीच्या माथ्यावर. ठिकसेला पायऱ्या चढताना छाती भरून येते आणि उतरताना गुडघे बोलतात. मी इथे पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्यांवर सराव केला. चढण्यापेक्षा उतरण्याचा जास्त, काठी घेऊन. तू जोतिबाला जा. शिवाय आणखी दोन गोष्टींचा सराव कर, ज्या कुणी सांगत नाही. एक, टेम्पो ट्रॅव्हलरची पहिली पायरी. ती अशी उंच असते की दिवसातून दहा वेळा चढउतर म्हणजे वेगळा व्यायामच. दुसरी, उकिडवं बसून उठणं. रस्त्यावर संडास थोडे, आणि खेड्यांत लडाखी पद्धतीचे कोरडे असतात, खाली खड्डा, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. स्वच्छ असतात, वासही फारसा येत नाही, पण धरायला कठडा नसतो. बायका हे टाळायला पाणी पिणं बंद करतात. त्या कोरड्या हवेत ते भलतंच महागात पडतं. त्यापेक्षा ड्रायव्हरला मोठ्यानं सांगावं, "भैया, रोको." पहिल्या दिवशी तू म्हणालीस की दुसऱ्या दिवसापासून चार जणी तुझ्यामागे उतरतील.

तू दोघींत एक अशी खोली घेतलीस, अनोळखी बाईबरोबर. पैसे वाचतात हे खरं. पण झेपत असेल तर सिंगल रूमचा जादा आकार भर, असं मी म्हणेन. दिवसभर अकरा माणसांशी गोड बोलायचं असतं. रात्री दार लावून गप्प बसायला मिळालं तर दुसऱ्या दिवशीचं गोड बोलणं मनापासून होतं. आणि गाडीतल्या पुढच्या सीटा! साठी ओलांडलेली, नातवंडं असलेली माणसं खिडकीसाठी काय रुसतात ते बघशील. रोज एक रांग मागे सरकायची, असं पहिल्याच सकाळी ठरवून टाका.

अल्चीचं बौद्ध मंदिर चुकवू नकोस. ते डोंगरावर नाही, सिंधूच्या काठी सपाटीला आहे, म्हणून आपल्या गुडघ्यांना परवडतं. शिवाय लेहपेक्षा थोडं खालीच. आतली चित्रं आठ-नऊशे वर्षांपूर्वीची. बुटक्या दारातून वाकून आत शिरायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभं राहायचं. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळे खरोखर बघतात. बोधिसत्त्वांच्या धोतरांवर देवळं, राजवाडे, घोडेस्वार चितारलेले आहेत. बॅटरी हळू फिरवत बघ. इथे घाई करणाऱ्यांना खुशाल बाहेर चहा प्यायला पाठव.

तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला असेलच. त्यावर सुप्रभात टाकण्याआधी आपली ओळख लिही. त्यात बँकेतलं पद नको. गुडघा कुठला, गोळ्या कुठल्या, कशाला वेळ लागतो, आणि कुणाला काय मदत करू शकतेस, एवढं लिही. एकीनं लिहिलं की बाकीचे धीर करतात. मसुदा आधी मला पाठव, मी बघते.

तुझी,
मंदाताई

ता. क. तुझं सिम प्रीपेड असेल तर ते तिथे चालणार नाही, पोस्टपेड करून घे. आणि "मी घोरत नाही" असं खोलीच्या फॉर्मवर लिहिलंयस ना? ते एकदा घरी सुहासरावांना विचारून घे.