वंशावळीत नसलेली आजी

२०११ साली नृत्यरचनाकार वेन हुई बीजिंगहून युन्नान प्रांतातील एका खेड्यात गेल्या. तेथे त्यांना ऐंशी ओलांडलेली एक स्त्री भेटली. आजोबांच्या पिढीतील ही नातलग. नात्याने ‘तिसरी आजी’. वेन हुई तेव्हा पन्नाशीच्या होत्या, आणि अशी कोणी आजी आहे हे त्यांच्या कानांवर कधी आलेच नव्हते. मृतांचा विसर पडणे समजू शकते. येथे मात्र एक जिवंत स्त्री कुटुंबाच्या स्मृतीतून वजा झालेली होती.

अशी वजाबाकी अपवादात्मक नाही. चिनी कुटुंबांच्या परंपरागत वंशावळी पित्याकडून पुत्राकडे चालत जातात. सुनेची नोंद बहुधा माहेरच्या आडनावापुरती. लेकीची पुष्कळदा तेवढीही नाही. चिनी स्त्रियांच्या लेखनाचा एक महत्त्वाचा प्रवाह या रिकाम्या जागेतूनच उगम पावला आहे. हुनान प्रांताच्या ज्यांगयोंग परिसरातील स्त्रियांनी ‘नुशू’ ही स्वतःची लिपी जोपासली. बारीक, तिरप्या रेघांची ही अक्षरे स्थानिक बोलीतील उच्चार टिपतात. बांधलेल्या पावलांनी माडीवर बसून भरतकाम करणाऱ्या मुली ती एकमेकींकडून शिकत. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नववधूला मैत्रिणींनी आणि घरच्या स्त्रियांनी लिहिलेली पुस्तिका मिळे. तिच्यातील मजकूर गाऊन वाचायचा असे; म्हणजे त्या लेखनाला कंठाची सोबत गृहीतच होती. मालकीण वारली की अशी पुस्तके पुष्कळदा तिच्याबरोबर पुरली किंवा जाळली जात. वंशावळ पुढच्या पिढ्यांसाठी राखली जाई. हे लेखन मात्र लिहिणारीबरोबरच संपे.

मॅक्सिन हाँग किंग्स्टन या चिनी-अमेरिकन लेखिकेने १९७६ साली ‘द वुमन वॉरियर’मध्ये दुसरी वाट धरली. कुटुंबाने नाव पुसून टाकलेल्या एका आत्याची कथा तेथे मुलीला आईकडून कळते, तीही मौनाच्या अटीवर. आत्या हयात नाही, साक्षीदार बोलत नाहीत. म्हणून लेखिका अनेक शक्यता कल्पून पाहते. ही कल्पना धीट आहे. परंतु मृत स्त्री तिला हरकत घेऊ शकत नाही, ही तिची नैतिक अडचणही आहे.

वेन हुई यांच्यासमोर हरकत घेऊ शकणारी स्त्री बसलेली होती. हाच निर्णायक फरक आहे. वू वेनग्वांग या माहितीपटकारासह त्यांनी १९९४ साली बीजिंगमध्ये ‘लिव्हिंग डान्स स्टुडिओ’ स्थापन केला होता. १९९९ च्या एका रचनेसाठी त्यांनी स्त्रियांना बाळंतपणाचे अनुभव विचारले आणि त्यांतून नृत्य उभे केले. ऐकणे ही त्यांच्या नृत्याची पूर्वतयारी झालेली होती. तिसऱ्या आजीवरील माहितीपटात त्या प्रथम ऐकतात, आणि पुढे दोघी एकत्र नाचतात. आजीला नृत्याचे शिक्षण नाही. तिच्या हालचाली घरकामाने आणि वयाने घडवलेल्या आहेत. कथन करताना माणूस शब्द निवडतो, काही गाळतो. वाकलेल्या पाठीला अशी निवड करता येत नाही. वंशावळीने नाकारलेले नाते दोन देहांच्या जवळिकीत दृश्य होते, एवढे नृत्य साधते.

परंतु यावरून देह हा निष्कलंक अभिलेख आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. वेन हुई यांच्या पिढीच्या देहांना वळण लावणाऱ्या नृत्यांत ‘रेड डिटॅचमेंट ऑफ विमेन’ हे १९६४ साली रंगभूमीवर आलेले बॅले प्रमुख होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ‘आदर्श कलाकृती’ म्हणून ते सर्वत्र पोहोचले. चवड्यांवर उभ्या राहिलेल्या, हाती बंदूक घेतलेल्या त्या स्त्रिया मुक्त म्हणून दाखवल्या गेल्या. त्यांच्या मुठी किती उंच उठाव्यात हे मात्र दुसऱ्यांनी ठरवले होते. २०१५ च्या ‘रेड’ या रचनेत वेन हुई याच वारशाकडे वळल्या. ज्या देहात आजी शोधायची, त्या देहात राज्यसंस्थेची कवायतही मुरलेली आहे, हे त्यांनी लपवले नाही. त्यांच्या स्त्रीवादाला खोली येते ती या कबुलीमुळे.

मग नृत्याने कुटुंबाचा इतिहास लिहिला जातो का? तारखा, जमिनीचे वाद, कोणी कोणाला का टाकले, हे सांगण्यासाठी शब्दच लागतात; आजीलाही ते बोलावेच लागले. नृत्याचे काम त्यानंतर सुरू होते. ऐकलेले केवळ माहिती म्हणून न राहता ऐकणारीच्या स्नायूंत उतरावे, यासाठी ते असते. ज्यांगयोंगच्या पुस्तिकेचा अर्थ कोणी गाईपर्यंत अपुरा राहत असे. आजीची गोष्टही कोणीतरी तिच्यासोबत हात उचलीपर्यंत अपुरी होती. तो हात उचलायला एका घराण्याला कित्येक दशके लागली. वंशावळीत आजीची ओळ आजही नसेल. पण वेन हुई यांना आता आपल्याला अशी आजी नव्हतीच असे म्हणता येणार नाही.