धारवाल्याचा पाय

दुपारी आळीत "चाकू, सुरी, कात्रीला धाऽर" अशी हाक आली की घराघरांतून विळ्या बाहेर येत. धारवाला सायकल स्टँडवर चढवी, सीटवर बसे आणि पायडल मारू लागे. मागच्या चाकावरून दांडीपर्यंत आणलेल्या पट्ट्यावर दगड फिरे. पातं टेकलं की ठिणग्यांची बारीक रेघ सुटे. आम्ही मुलं त्या ठिणग्यांसाठी उभी राहत असू. आजीचं लक्ष मात्र त्याच्या हाताकडे. जरा वेळ झाला की ती म्हणे, "पाणी लाव रे बाबा, पातं जाळशील."

ती काय सांगत होती ते मला फार पुढे कळलं, स्वतः सुऱ्या घडवायला लागल्यावर. धारवाल्याच्या त्या साध्या यंत्रात एक मोठी गोष्ट होती. वेग त्याच्या पायात होता. कात्री आली की पाय मंदावे, बोथट कोयता आला की जोर चढे, शेवटचा हात फिरवताना दगड जवळजवळ रेंगाळे. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

कोयते-कुऱ्हाडी मात्र त्याच्याकडे क्वचितच जात. त्या लोहाराकडे, नाहीतर गावाबाहेर पाल टाकलेल्या घिसाड्यांकडे शेवटायला जात. घिसाड्याची बायको घण मारायची, तो सांडशीत लोखंड धरून ऐरणीवर फिरवायचा, एखादं पोर भात्यावर. माल बहुतेक ट्रकच्या कमानीचा पाटा. स्प्रिंगचं ते पोलाद पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून विझवल्यावर, कडक होतं, पण सहसा तडकत नाही; म्हणून आजही हौशी कारागीर भंगारात तेच शोधतात. धारेकडचा उतार काढायचा तो कानशीने, घासून घासून. एका पात्यात अर्धा दिवस जाई.

आज पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलं तर घासायच्या मशीनची रांग समोर येते. नवखा माणूस बहुधा बेंच ग्राइंडर उचलतो, कारण तो ओळखीचा आणि स्वस्त. मी त्याला थांबवीन. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर साध्या बेंच ग्राइंडरची मोटर मिनिटाला सुमारे 2,850 फेरे घेते. 6 इंची दगडाचा काठ म्हणजे सेकंदाला 22 मीटरच्या आसपास पळतो, आणि तो वेग कमी करायची सोयच नसते. धारेची कड मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी पातळ असते. तिथे आलेली उष्णता जायला जागा नाही. साध्या कार्बन पोलादाचं पातं 220 अंशांच्या आसपास गवती पिवळं दिसतं, 300 च्या जवळ निळं. निळं पडलं की पाणी उतरलं, कडकपणा गेला. मग वरून कितीही चकचकीत केलं तरी ती धार दोन दिवस टिकत नाही. आजीचा शब्द "जाळशील" अगदी नेमका होता.

पातं घडवायचं असेल तर पट्ट्याचं मशीन घ्यावं, म्हणजे बेल्ट ग्राइंडर. पट्टा लांब असतो, प्रत्येक फेरीत थोडा थंड होऊन परततो. सपाट पाटीवर उतार सरळ येतो, आणि पाटी नसलेल्या मोकळ्या पट्ट्यावर किंचित फुगीर धार मिळते. सुऱ्या घडवणाऱ्यांत जगभर 2 इंच रुंद आणि 72 इंच लांब पट्ट्याचं माप रूढ आहे. नुसती धारच लावायची असेल तर 1 बाय 30 इंचांचं छोटं मशीनही पुरतं. पण मशीनची पावती फाडण्याआधी त्या मापाचे पट्टे आपल्या गावात मिळतात का, किंवा कोणी जोडून देतो का, हे विचारावं. मशीन एकदाच घ्यायचं असतं, पट्टे कायम. 60 नंबरच्या खरबरीत पट्ट्याने सुरुवात, मग 120, 220, 400. झिजलेला पट्टा दाबून वापरणं हीच पातं जळण्याची सर्वांत मोठी वाट; तो निर्दयपणे फेकावा.

पैसे कमी असतील तर अश्वशक्तीत काटकसर करा, वेगाच्या नियंत्रणात करू नका. व्हीएफडी नावाचा ड्राइव्ह घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवतो आणि बटण फिरवून वेग चौथाईवर आणून देतो. आधी भराभर माल काढायचा, पाणी दिल्यानंतर मात्र हळू, उघड्या बोटांनी पातं धरून. बोटाला चटका बसायच्या आत ते पाण्यात गेलं पाहिजे. एवढं सगळं यंत्रशास्त्र पार करून आपण पैसे मोजतो ते सायकलवरच्या माणसाच्या पायात जे होतं त्यासाठी. मला याचं वाईट वाटत नाही. त्याचे गुडघे उतारवयात कसे दुखत असतील याचा विचार आम्ही पोरांनी कधी केला नाही, आणि आता कोणाला ती मेहनत करावी लागू नये.

धुळीची गोष्टही तशीच. 19व्या शतकात शेफील्डच्या धारवाल्यांची फुप्फुसं दगडाच्या भुकटीने खराब होत आणि ते तरुणपणीच जात. आपल्या रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडावर फार तर उपरणं असे. पट्ट्याचं मशीन त्याहून कितीतरी जास्त धूळ उडवतं, म्हणून चांगला मास्क आणि चष्मा मशीनबरोबरच घ्यावा, नंतर नव्हे.

राहिली घरची विळी. तिचं पातं वाकडं, पाटात बसवलेलं. ती पट्ट्यावर नीट टेकतच नाही. दोन बाजूंचा दगड भिजवून तोच पात्यावर फिरवावा, आधी खरबरीत बाजू, मग मऊ. तेवढ्यावर कोथिंबीर चेंगरायची थांबते.