परका, पाहुणा, आपला : सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची चीनमधली चार वर्षे

१/ परदेशात राहणे आणि परदेशाचे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पारपत्र पुरते. दुसरीला काय लागते, हे समजून घेण्यासाठी सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरच्या अखेरच्या चार वर्षांकडे पाहू या. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. मात्र पाठ झालेल्या नावामागचा माणूस बहुधा अनोळखीच राहतो.

२/ जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी झू द यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले.

३/ पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोट निघाली. तेव्हा कोटणीसांना अठ्ठाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. जाताना सारेच पाहुणे होते. काम संपले की परतायचे, हे गृहीत होते.

४/ परक्या मुलखात आधी बदलते ते नाव. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. आज परदेशी गेलेली आपली मुले तिथल्या लोकांच्या जिभेला झेपावे म्हणून नाव आखडते घेतात. इथे उलट झाले होते : यजमानांनी आपल्या देशाचे नावच पाहुण्यांना देऊ केले होते.

५/ दुसरी कसोटी घरच्या बातमीची. पथक वाटेत असतानाच कोटणीसांना वडील गेल्याचे कळले. परत फिरण्यास कोणीही दोष दिला नसता. ते फिरले नाहीत. या प्रसंगाला आपण ‘त्याग’ म्हणून मोकळे होतो. परंतु त्या त्यागाचा अर्धा भार सोलापूरच्या घराने उचलला, हे सहसा लिहिले जात नाही. परदेशी गेलेल्या माणसाचा इतिहास लिहिताना मागे राहिलेल्या उंबरठ्याचाही इतिहास लिहायला हवा, असे मला वाटते.

६/ फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहा हीच तिथली घरे आणि हीच रुग्णालये. पुढे कोटणीस उत्तर चीनमध्ये, शत्रूच्या पिछाडीला लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेबरोबर गेले. सहकारी एकेक करून मायदेशी परतले. परतीची वाट मोकळी असूनही कोटणीस राहिले. पाहुणेपण संपले ते इथे.

७/ तिसरी कसोटी भाषेची. दुभाष्याच्या आधाराने नाडी पाहता येते, पण धीर देता येत नाही. कोटणीस चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले, विद्यार्थ्यांसाठी शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला पाचव्या भाषेची भीती वाटली नसावी, असा माझा सोलापुरी तर्क आहे. पुरावा नाही, पण त्याच बाजारात मीही वाढले आहे.

८/ नोव्हेंबर १९३९ मध्ये कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून याच आघाडीवर मरण पावले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. एका परक्याच्या नावाने उभे राहिलेले रुग्णालय दुसऱ्या परक्याच्या हाती सोपवले गेले. विश्वासाचे याहून स्पष्ट प्रमाणपत्र कोणते?

९/ १९४१ च्या अखेरीस त्यांनी परिचर्याशास्त्र शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बापाच्या नावात एकच देश जोडला गेला होता. मुलाच्या नावात दोन्ही शेजारी बसले.

१०/ ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. आज त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात आहे. बेथ्यून यांचीही तिथेच.

११/ १९४६ साली व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने ही कहाणी ‘अमर’ केली. कहाणी अमर झाली की माणसे मात्र मागे पडतात. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली, पंचविशीच्या आतच वारला. गुओ छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या. १९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांत कडवटपणा साचला, तरी त्यांनी हे नाते सोडले नाही. २०१२ साली चीनच्या दालियान या किनारी शहरात त्यांचे निधन झाले. कोटणीस चीनमध्ये चार वर्षे जगले. त्यांनी तो संबंध सत्तर वर्षे निभावला.

१२/ आता नजर गावाकडे वळवू. भैय्या चौकात कोटणीसांचे स्मारक आहे आणि ते पाहताना आमची छाती फुगते. त्याच शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या नांदत आहेत. ज्या चादरीने सोलापूरचे नाव देशभर गेले, तिच्या धाग्याधाग्यात त्यांचे कष्ट आहेत. तरीही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न त्यांच्या नातवंडांना आजही विचारला जातो.

१३/ चीनच्या एका खेड्याने सोलापूरच्या माणसाला ‘मूळचा कुठला’ हे पुरते ठाऊक असूनही आपले म्हटले. परका माणूस भाषेने, कामाने आणि मायेने अर्धी वाट चालून येतो. उरलेली अर्धी गावाने चालायची असते. कोटणीसांचा अभिमान मिरवण्याचा अधिकार आपल्याला या उरलेल्या वाटेवरच मिळवावा लागेल.