साताऱ्याच्या डोंगरातला गोरा पूर्वज

सातारा-सांगलीच्या मुलखात येऊन राहिलेल्या ब्रिटिश पूर्वजाचा माग आधी काळावरून काढावा लागतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याचे राज्य मिळाले आणि त्यांच्या दरबारी जेम्स ग्रँट डफ हा पहिला रेसिडेंट आला. खासगी युरोपियनाला मात्र १८३३ च्या सनदी कायद्यापर्यंत आतल्या मुलखात वस्ती करायला कंपनीचा परवाना लागे. त्यामुळे त्या काळातला पूर्वज बहुधा शिपाई, अधिकारी किंवा डॉक्टर निघतो आणि त्याचा शोध लष्करी व मुलकी याद्यांत घ्यावा लागतो. १८४८ मध्ये सातारा खालसा झाले, मग इतर पेशांची माणसे दिसू लागली.

या वाटेवरचे ठळक नाव जॉन चेसन. १८६० च्या दशकात दांडेघर, खिंगर, गोडवली, अमराळ आणि ताईघाट या पाच गावांमधल्या पठारावर त्याने पाचगणी वसवली. बाजार बसला, कारागीर आले, सिल्व्हर ओकची झाडे वाढली. पुष्कळ साहेब पेन्शन घेऊन मायदेशी परतले. चेसन इथेच राहिला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत विसावला.

कागदांचा मुख्य साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहे. पाद्री बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला मुंबईला पाठवत, तिथून त्या विलायतेला जात. मुंबई इलाख्याची ही मालिका १७०९ पासूनची आहे. बाप्तिस्म्याच्या एका ओळीत बापाचा हुद्दा आणि मुक्काम सापडतो, आणि तोच पुढचा धागा ठरतो. रोमन कॅथॉलिक घरांच्या सगळ्याच नोंदी तिथवर पोहोचल्या नाहीत. त्यासाठी त्या-त्या चर्चच्या वह्या पाहाव्या लागतात.

सांगलीकडचा शोध जास्त गुंतागुंतीचा आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून जन्मला आणि १९६० मध्ये त्याला आताचे नाव मिळाले. म्हणून वाळवा-तासगावचा जुना कागद साताऱ्याच्या दप्तरात शोधावा लागतो, तर सांगली, मिरज आणि जत यांचा संस्थानी कारभारात.

कागद संपतो तिथे दगड बोलतो. महाबळेश्वरच्या लॉडविक पॉइंटवरचा स्तंभ जनरल पीटर लॉडविकच्या मुलाने १८७४ मध्ये बापाच्या स्मरणार्थ उभारला. १८२४ मध्ये लॉडविक या डोंगरावर चढला होता, पुढे साताऱ्याचा रेसिडेंटही झाला. साध्या कबरींवरही नाव, वय, पलटण आणि कोणी दगड बसवला ते कोरलेले असते. पावसाळ्यागणिक ही अक्षरे झिजतात, त्यामुळे त्यांची नक्कल वेळेत करून ठेवणे हेही संशोधनच आहे.

सर्वांत अवघड शोध घरातल्या हिंदी स्त्रीचा. मुलाच्या नोंदीत बापाचे नाव, हुद्दा, पलटण सारे असते. आईचे कित्येकदा नुसते नाव, कधी तेही नाही. अशा वेळी बापाचे मृत्युपत्र उपयोगी पडते, कारण तिच्या पोटगीची तरतूद कधीकधी त्यात लिहिलेली असते. वंशावळीची अर्धी बाजू तिची आहे, म्हणून साहेबाचे नाव हाती आले तरी तिचे नाव शोधायचे राहतेच.