आधीं निश्चिती, मग हात

ज्यानें ३४ वर्षें शाळेंत शब्दरूपें घोकून घेतलीं, त्यानें विजेच्या मोटारीविषयीं लिहावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु गेल्या जानेवारींत अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, एडिसन गांवीं, मुलाच्या घरीं जो प्रसंग ओढवला, त्यानें मला पुन्हां विद्यार्थी केलें.

त्या घराच्या तळघरांत वायूवर चालणारी भट्टी आहे. ज्वाळांनीं तिच्यांतील लोखंडी पोकळ्या तापतात, आणि मोटारीनें फिरणारें एक चक्र त्यांच्यावरून हवा ढकलून ती नळांवाटे खोल्याखोल्यांत पोहोंचवितें. यालाच ब्लोअर म्हणतात. तो थांबला तर उष्णता आंतच कोंडते. मग अति ताप ओळखणारा एक रक्षक स्विच ज्वाळा विझवितो. बिघाड पंख्याचा, शिक्षा भट्टीला!

त्या रात्रीं बाहेर शून्याखालीं १० अंश थंडी होती. ज्वाळा पेटत, थोड्या वेळानें विझत, पुन्हां पेटत. खोल्यांत मात्र ऊब नाहीं. नात दोन शाली पांघरून बसलेली. आम्ही तळघरांत उतरलों. मुलानें भट्टीचें खालचें झांकण काढलें. झांकण निघतांच वीज तुटावी म्हणून तेथें एक स्विच असतो. तो त्यानें चिकटपट्टीनें दाबून बसविला. मोटार नुसती ‘हूं’ करीत होती. चक्राला बोटानें गति देण्यासाठीं त्यानें हात पुढें केला.

“अरे, हात मागें घे!” मी एवढ्या मोठ्यानें ओरडलों कीं सूनबाई वरून धांवत आल्या.

“बाबा, जरासें ढकललें कीं फिरूं लागेल.”

“फिरूं लागेल खरें, पण तुझीं बोटें?”

त्या ओरडण्यामागें एक जुना घाव होता. २३ वर्षांपूर्वीं, नागपूरच्या उन्हाळ्यांत, माझा धाकटा भाऊ चालू कूलरमध्यें पाणी घालावयास गेला. कूलर लोखंडी, पाय ओले, आणि मोटारीचें वेटोळें आंतून जळून वीज पत्र्याला लागलेली. आम्हांस कळेपर्यंत सर्व संपलें होतें. तो कूलर आदल्या दिवसापासून झटका देत होता, हें घरांत प्रत्येकाला ठाऊक होतें, मलाहि. “उद्यां पाहूं,” असें मीं म्हटलें होतें.

मुलानें मुकाट्यानें पट्टी काढली. भट्टीचा ब्रेकर व जवळचा स्विच, दोन्हीं बंद केले. मग त्यानें मल्टिमीटर प्रथम चालू सॉकेटला लावला. तेथें १२० व्होल्टच्या आसपास आंकडा आला. नंतर मोटारीच्या तारांना लावला, शून्य. पुन्हां सॉकेटला लावून पाहिला. मापकच बिघडलेला असेल, तर त्याच्या शून्यावर विश्वास कसा ठेवावा? साक्षीपूर्वीं साक्षीदाराचीच परीक्षा, हा न्याय मला फार आवडला. वीज तोडली तरी कपॅसिटरमध्यें भार शिल्लक राहूं शकतो. म्हणून दोन्ही टोकांमध्यें रोधक धरून तोहि रिकामा केला. तेव्हां कोठें आंत हात गेला.

अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहां’त धुरावरून अग्नीचें अनुमान आहे. येथें ‘हूं’ या आवाजावरून एवढेंच निघतें कीं मोटारीला वीज पोहोंचते. न फिरण्याचीं कारणें अनेक: बेअरिंग अडकलें असेल, वेटोळें बिघडलें असेल, किंवा कपॅसिटर निकामी झाला असेल. आम्ही एकेक कारण वगळीत गेलों. चक्र हातानें सहज फिरलें. म्हणजे बेअरिंग निर्दोष. मोटार निवूं दिली. कारण तापलेल्या मोटारींतील रक्षक स्विच उघडला असेल, तर चांगलें वेटोळेंहि तुटल्यासारखें भासतें. निवल्यावर प्रत्येक वेगाच्या तारेला थोडाथोडा रोध मिळाला. तार आणि मोटारीचें लोखंडी अंग यांमध्यें मात्र अनंत रोध दिसला. तोच अनंत माझ्या भावाच्या कूलरांत उरला नव्हता.

शेवटीं कपॅसिटर मोजला. त्यावर ७.५ मायक्रोफॅरड छापलेले. भरले २ सुद्धां नाहींत. दोषी सांपडला. ती रात्र आम्हीं सर्वांनीं एका खोलींत काढली. सकाळीं तितक्याच क्षमतेचा, आणि व्होल्टची मर्यादा जुन्याहून कमी नसलेला कपॅसिटर आणून बसविला, झांकण लावलें, आणि मगच वीज दिली. घटकाभरांत नातीनें शाली टाकल्या.

एक सांगितलें पाहिजे. नव्या धर्तीच्या कांहीं मोटारींना इलेक्ट्रॉनिक पेटी जोडलेली असते. त्यांना ही परीक्षा लागू पडत नाहीं. वायूच्या नळ्या व ज्वाळांचा भाग तर जाणत्या कारागिराखेरीज कोणींच उघडूं नये.

उन्हाळा आला कीं आपल्याकडे घरोघर कूलर माळ्यावरून उतरतात. पाणी घालण्यापूर्वीं प्लग काढावा. जमिनीशीं जोडणारी तिसरी तार शाबूत आहे कीं नाहीं, हें जाणत्याकडून तपासून घ्यावें. आणि झटका देणाऱ्या यंत्राविषयीं “उद्यां पाहूं” हें वाक्य कोणींहि उच्चारूं नये. मीं तें एकदां उच्चारलें आहे.