स्टेरॉइडच्या आधी स्लाइड

रत्नागिरीत कुत्रा मलूल झाला, जेवण सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या की मालक निदान सोबतच घेऊन येतो: गोचीड ताप. बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं. तपकिरी गोचिडी जांभ्याच्या भिंतींच्या फटींत अंडी घालतात आणि आपल्या दमट, उबदार हवेत त्यांचं बरं चालतं. त्यांच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतात. पण ताप, फिकटपणा, घटलेल्या प्लेटलेट्स, वाढलेली पानथरी, अवधाणासारख्या सुजलेल्या गाठी ही सगळी लक्षणं रक्ताच्या कर्करोगातही दिसतात. दोन आजार इतके सारखे दिसत असतील तर सवयीवर निदान सोपवू नये. पहिलं इंजेक्शन भरण्याआधी, आणि ते स्टेरॉइडचं असेल तर हटकून, रक्ताची आणि गाठीची स्लाइड व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

रक्ताच्या कर्करोगांपैकी कुत्र्यांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे लिम्फोमा. जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना घट्ट गाठी लागतात आणि दाबल्या तरी कुत्रा सहसा कळवळत नाही. नमुना शक्यतो गुडघ्यामागच्या गाठीतून घ्यावा, कारण जबड्याखालची गाठ किडलेल्या दातांनीही सुजते. बारीक सुई, भूल नाही, काही मिनिटांचं काम. गोचीड तापाने चाळवलेल्या गाठीत लहानमोठ्या पेशींची सरमिसळ दिसते. लहान, पक्व लिम्फोसाइट जास्त आणि अधूनमधून प्लाझ्मा पेशी. लिम्फोमात ही सरमिसळ हरवते. एकाच छापाच्या मोठ्या पेशी निम्म्याहून जास्त होतात, त्यांचं केंद्रक शेजारच्या तांबड्या पेशीच्या दुप्पट भरतं आणि आतले ठिपके ठळक दिसतात. ल्युकेमियात अशाच अपक्व पेशी रक्तातही उतरतात. पेशी मोजणारं यंत्र त्यांना सरळ लिम्फोसाइट किंवा मोनोसाइटच्या रकान्यात टाकतं, आणि प्लेटलेट्सचे गठ्ठे झाले असतील तर त्यांचा आकडा उगाच कमी येतो. छापील रिपोर्ट हातात असला तरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावाच लागतो.

यावर हमखास येणारा प्रश्न: किटवर एर्लिकिया पॉझिटिव्ह आलं, आता आणखी काय शोधायचं? ही किट बहुधा प्रतिपिंडं दाखवते, आणि ती आजार बरा झाल्यावरही महिनोन्महिने रक्तात राहतात. गोचिडींच्या मुलखात पॉझिटिव्ह म्हणजे जंतूची कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. त्याच कुत्र्याला लिम्फोमा नसेल याची हमी त्यात नाही. उलट्या बाजूनेही फसगत होते. जुनाट एर्लिकियोसिसमध्ये पक्व लिम्फोसाइट इतके वाढू शकतात की दीर्घकालीन ल्युकेमिया वाटावा, आणि रक्तातली प्रथिनं अशी चढतात की मायलोमाचा संशय यावा. म्हणजे कर्करोग सुटू नये आणि बऱ्या होणाऱ्या आजाराला कर्करोगाचा शिक्का बसू नये, या दोन्हीसाठी स्लाइड हवी. अर्थात स्लाइडही चकवते. एर्लिकियाचे पुंजके तिच्यावर सापडतीलच असं नाही. पावसाळ्यात स्मिअर हळू वाळला तर तांबड्या पेशींत चमकदार पोकळ्या पडतात आणि नवख्या डोळ्याला त्या बबेसिया भासतात, म्हणून तो पंख्याखाली झटपट वाळवावा. न रंगवलेली स्लाइड आणि फॉर्मालिनची बाटली एका पुड्यात कधीच पाठवू नये, त्या वाफेने पेशी रंग धरत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: आधी डॉक्सिसायक्लिन देऊन बघू, उतार पडला नाही तर पुढचं. नुसतं डॉक्सिसायक्लिन लिम्फोमा झाकत नाही, तेव्हा यात तथ्य आहे. पण प्लेटलेट्स वाढाव्यात म्हणून सोबत प्रेडनिसोलोन जातं आणि घोटाळा तिथे होतो. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, गाठी चार दिवसांत ओसरतात, कुत्रा ताटलीवर तुटून पडतो आणि गोचीड तापाचं निदान पक्कं झाल्यासारखं वाटतं. मधल्या काळात घेतलेला नमुना दिशाभूल करतो, आणि गाठी परततात तेव्हा पेशी केमोथेरपीलाही दाद देईनाशा झालेल्या असू शकतात. शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारत असेल तर स्टेरॉइड लागतंच, आणि तेव्हा थांबा असं मी म्हणणार नाही. पण त्याआधी स्लाइड घ्यायला दहा मिनिटं पुरतात.

सर्वांत अवघड आक्षेप पैशाचा. केमोथेरपीसाठी मुंबई गाठायची, तीनशेहून जास्त किलोमीटर, दर फेरीचा खर्च वेगळा. मग नाव कळून उपयोग काय? बी पेशींच्या लिम्फोमात चार औषधांची केमोथेरपी साधारण वर्षभराचं चांगलं आयुष्य देते. टी पेशींच्या प्रकारात ते कमी, आणि पूर्ण बरं होणं विरळाच. उपचार केलेच नाहीत तर हातात बहुधा महिना-दोन महिने. हे आकडे ऐकून कुणी मुंबईची गाडी धरेल, कुणी घरीच प्रेडनिसोलोनवर कुत्र्याचे दिवस सुखाचे करेल, आणि दोन्ही निर्णय रास्त आहेत. दुसऱ्या मार्गात तर स्टेरॉइड हेच औषध, मात्र आता ते कशासाठी देतोय हे डॉक्टर आणि मालक दोघांनाही ठाऊक असतं. उगाच लावलेल्या सलाइनी आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या अँटिबायोटिकांचा खर्च टळतो. ज्याच्याकडे पैसा थोडा, त्याचा पैसा अंदाजावर उडवण्याचा हक्क आपल्याला सर्वांत कमी आहे.