बिल्ला आणि विरगळ

विरगळीच्या सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते; काहींवर शेजारी गाईही कोरलेल्या असतात. गाई पळवणाऱ्यांशी झुंजताना पडलेल्या माणसाचा तो दगड. वर अप्सरा त्याला नेतात, त्याच्याही वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. बीड जिल्ह्यात असे दगड मारुतीच्या पारावर, वेशीत, बांधावर शेंदूर माखून उभे आहेत. नाव क्वचितच कोरलेलं.

माझं अर्धं आयुष्य संग्रहालयाच्या नोंदवहीत गेलं, अर्धं मदतकार्याच्या याद्यांत: दुष्काळात बीडला, 2015 च्या भूकंपानंतर नेपाळात. काठमांडूत पडलेल्या देवळांचे कोरीव टेकू ढिगाऱ्यातून निघत होते. कुठला टेकू कोणत्या देवळाचा, हे तिथल्या तिथे लिहिलं नाही तर उरतं ते नुसतं लाकूड. माणसांच्या यादीचंही तसंच.

वस्तूवर क्रमांक घालायची आमची एक रीत आहे. सहसा न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड या राळेचा पातळ थर, तो सुकला की शाईने बारीक आकडे, वर पुन्हा थर. ॲसिटोन लावलं की सगळं निघून येतं आणि दगड मोकळा होतो. क्रमांक वस्तूच्या अंगात मुरू द्यायचा नाही.

2019 च्या उन्हाळ्यात बीडमध्ये शेकडो चारा छावण्या होत्या. जनावराच्या कानात बिल्ला, वहीत आकडा, त्यावर चाऱ्याचा हिशेब. हिशेबाला आकडा पुरतो, मला पुरत नसे. समासात बैलाचं नाव, मोडकं शिंग, कपाळावरचा चांद, कुणाच्या दावणीचा, हे सगळं लिहायला लावायचो. वही लिहिणारी पोरं कुरकुरायची. पण बिल्ला तुटून पडला की सगळे त्या समासाकडेच धावायचे.

1972 चा दुष्काळ मात्र मी पाहिलेल्या संग्रहालयांत जवळजवळ नाहीच. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, मजुरांना मिळालेली सुकडी, दुष्काळी कामावर खडी फोडायची हातोडी, हजेरीपट, यातलं क्वचितच काही दिसतं. त्याच दुष्काळी कामांच्या अनुभवातून 1977 चा रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, आणि तरी ताम्रपटाला कपाट मिळतं, मिलोच्या गोणपाटाला मिळत नाही. हे मला मनापासून खुपतं.

खडी फोडलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गोणपाटाचे धागे सांभाळायची विद्या आमच्याकडे आहे. ते कुणी डोक्यावरून आणलं, पुढे त्याचं अंथरूण केलं की दाराला पडदा लावला, हे त्याच सांगणार. म्हणून मी वस्तूआधी बाईला गाठतो, रकाना तिच्यासमोर भरतो आणि लिहिलेलं वाचून दाखवतो. ती ज्या तलावाच्या कामावर होती त्याचं नाव चुकलं असेल तर ती तिथेच थांबवते.